गच्चीवरची छत्री खाडीकडे का बघते?

लालबाग-दादरकडच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर अजूनही एखादी दहा-बारा फुटी जाळीची छत्री गंजलेली दिसते. सिग्नल टिपणारा डबा, एलएनबी, कधीच गेलेला, जाळीत कावळ्याने घातलेल्या काड्या. तिचं तोंड मात्र अजून खाडीपलीकडे, नवी मुंबईच्या अंगाला. तिथे आकाशात ती जे बघत असे, तो होता १०५.५ अंश पूर्व रेखांशावरचा एशियासॅट-१ हा उपग्रह.

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून बघणाऱ्याला तो जागच्या जागी वाटतो. छत्री एकदा बसवली की हलवायला नको. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, म्हणून आपली मान पूर्वेकडे.

हा उपग्रह चक्क सेकंडहँड होता. मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला, पण त्याला वर ढकलणारं इंजिन दगा देऊन गेलं आणि तो खालच्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरीच्या अंतराळवीरांनी तो पकडून परत आणला. डेल गार्डनर यांनी अंतराळातच ‘विकणे आहे’ अशा अर्थाची पाटी धरून फोटो काढून घेतला. पुढे डागडुजी होऊन तो खरोखरच विकला गेला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चिनी लाँग मार्च-३ रॉकेटने पुन्हा वर गेला.

त्याचे झोत, म्हणजे जमिनीवर सिग्नल पाडणारे पट्टे, दोन: उत्तरेचा चीन-कोरियाकडे आणि दक्षिणेचा आपल्याकडे. तोवर मुंबईकराचं टीव्हीचं जग म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन, आणि घराघरावर वरळीच्या मनोऱ्याकडे वळवलेले अँटेने. पुण्याला १९७३ पासून सिंहगडावरून तेच कार्यक्रम दिसत. १९८३ मध्ये भारताचा इन्सॅट-१बी उपग्रह आला, पण त्यावरून आलेलं दिल्लीचं प्रक्षेपणही घरी पोचायचं ते जमिनीवरच्या मनोऱ्यामार्फतच. घरापर्यंत तार आधीच आली होती: ऐंशीच्या दशकात केबलवाले व्हीसीआर लावून इमारतभर सिनेमे दाखवत. १९९१ मध्ये हाँगकाँगहून एशियासॅट-१ वर स्टार टीव्ही सुरू झाल्यावर त्यांनी फक्त गच्चीवर छत्री चढवली. पाठोपाठ झी आला, तोही २ ऑक्टोबरलाच, १९९२ साली. परदेशातून सिग्नल वर चढवायचा आणि इथे तो टिपायचा, असा हा आडमार्ग. केबलचा कायदा १९९५ साली आला, आणि त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते.

मराठी वाहिनी मात्र लगेच आली नाही, आणि माझ्या मते त्यात मराठी प्रेक्षकाच्या उदासीनतेपेक्षा झोताच्या हिशेबाचा वाटा मोठा. मनोऱ्याचा वाटोळा टापू भाषेच्या प्रदेशाशी साधारण जुळतो. उपग्रहाचा झोत कराचीवर पडतो, मुंबईवर आणि ढाक्यावरही. ॲनालॉगच्या काळात उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, साधारण एकच वाहिनी बसे. अर्ध्या आशियावर पडणाऱ्या झोताचं भाडं एकट्या मराठीच्या जिवावर कोण भरणार? दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९९४ ला मराठी वाहिनी काढली, तीच पुढे सह्याद्री झाली. खाजगी अल्फा मराठी यायला १५ ऑगस्ट १९९९ उजाडला. तोवर डिजिटल तंत्राने एकाच ट्रान्सपाँडरवर अनेक वाहिन्या मावू लागल्या होत्या.