टँकरशिवाय हिरवं अंगण

सोसायटीला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो आणि तरीही लॉनवर रोज पाणी फवारलं जातं, हे पाहिलं की मला घोळ आठवते. हो, तीच, बाजारात जुडीने मिळणारी आंबटसर घोळ. उन्हातली, फारसा वावर नसलेली जमीन झाकायची असेल तर ती आणि तिच्याच कुळातला चिनी गुलाब, म्हणजे आपला 'ऑफिस टाइम', यांच्यासारखी काटक झाडं शोधून सापडणार नाहीत. सगळं श्रेय त्यांच्या पानांत चालणाऱ्या रासायनिक क्रियांना.

पान कार्बन डायऑक्साइडसाठी रंध्रं, म्हणजे आपली सूक्ष्म छिद्रं, उघडतं आणि त्याच वाटेने पाणी उडून जातं. शिवाय कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) उष्णता वाढली की ऑक्सिजनही पकडू लागतं आणि कमावलेली ऊर्जा वाया जाते. घोळीने यावर तोड काढली आहे. तिच्या मध्यपर्णपेशींत, म्हणजे पानाच्या गाभ्यातल्या पेशींत, पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं विकर कार्बन धरतं. ते ऑक्सिजनला भुलत नाही. त्यातून चार कार्बनांचं आम्ल बनतं, शिरांभोवतीच्या पेशींत पोचून फुटतं आणि तिथल्या रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी होते. हाच सी-४ मार्ग ऊस, ज्वारी आणि दूर्वांचाही.

पाणी तुटलं की घोळ निवडुंगाचा सीएएम मार्गही सुरू करते. रंध्रं रात्री उघडायची, कार्बन मॅलिक आम्लात साठवायचा आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरायचा. अशी पानं पहाटे जास्त आंबट लागतात. पानफुटीची ही बदलती चव वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी भारतातच टिपली; ती नोंद १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. हे दोन मार्ग एकत्र नांदणार नाहीत असं बराच काळ मानलं जाई. २०२२ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घोळीत ते एकाच पेशींत चालतात आणि रात्रीचं आम्ल दिवसा थेट सी-४च्या साखळीत जातं. मला हे विलक्षण वाटतं.

याच सीएएमच्या नावावर 'रात्री ऑक्सिजन देणारी' झाडं खपवली जातात. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात ही झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत.

चिनी गुलाबाची काडी खोचली तरी जगते. मात्र सावलीत तो फुलत नाही, पाणी साचलं की कुजतो, तुडवलेलं सोसत नाही. पायवाटेवर दूर्वाच लावा. पिवळ्या फुलांची वेडेलिया कितीही झटपट पसरली तरी आणू नका. जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे आणि कुंपणाबाहेर गेली की आवरत नाही.