इंटरप्टशिवाय सिरीयल पोर्ट : पोलिंग मोड सुरू करण्याआधी हे वाचा

आमच्या सिरीयल पोर्ट ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत पोलिंग मोड आला आहे. तुमच्या बोर्डवर युआर्टची (सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या चिपची) इंटरप्ट लाइन प्रोसेसरपर्यंत ओढलेलीच नसेल, जुन्या कार्डाची लाइन दुसऱ्या कार्डाशी भांडत असेल, किंवा एफपीजीएमध्ये (आतली रचना आपल्याला ठरवता येते अशा चिपमध्ये) स्वतः बसवलेल्या युआर्टला इंटरप्ट द्यायचा राहून गेला असेल, तरी पोर्ट आता चालेल. चालेल म्हणजे किती वेगाने आणि कितपत खात्रीने, हे सांगायला हे पत्रक आहे. मोड चालू करायला एक मिनिट पुरते. त्याआधीचा हिशोब मात्र तुम्हालाच करावा लागेल, कारण पलीकडचे यंत्र किती वेगाने बोलते हे आम्हाला इथे बसून कळत नाही.

इंटरप्ट असताना चिप स्वतः प्रोसेसरला हाक मारते : अक्षर आले आहे, घेऊन जा. पोलिंगमध्ये ती हाक नसते. ड्रायव्हर एक टायमर लावतो आणि टायमर वाजला की चिपचे लाइन स्टेटस रजिस्टर (पोर्टची स्थिती दाखवणारा कप्पा) उघडून बघतो, काही आले आहे का, काही पाठवायला जागा आहे का. ही पद्धत नवी नाही. १९८१च्या आयबीएम पीसीच्या बायोसमध्ये सिरीयल पोर्टसाठी जी सेवा होती, ती इंटरप्ट न वापरता असेच विचारत बसायची. फरक इतकाच की ती सेवा प्रोसेसरला तिथेच थांबवून ठेवायची, आणि आमचा ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रोसेसर मोकळा सोडतो.

हिशोब

सर्वसाधारण मांडणीत एका अक्षराला दहा बिट लागतात : एक सुरुवातीचा, आठ माहितीचे, एक शेवटचा. बॉड म्हणजे इथे सेकंदाला किती बिट. म्हणजे ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे, एका अक्षराला साधारण १.०४ मिलिसेकंद. ११५२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरे, एका अक्षराला जेमतेम ८७ मायक्रोसेकंद.

आता चिपकडे बघा. १६५५०ए या चिपमध्ये, आणि तिच्या वळणावर बनलेल्या बहुतेक युआर्टमध्ये, येणाऱ्या अक्षरांसाठी १६ जागांची रांग असते. तिला फिफो म्हणतात. नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखी ती भरत जाते आणि ड्रायव्हर दर फेरीला ती रिकामी करतो. ९६०० बॉडला ही बादली भरायला १६.७ मिलिसेकंद लागतात, १९२०० ला ८.३, ३८४०० ला ४.२, ५७६०० ला २.८ आणि ११५२०० ला फक्त १.४ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ड्रायव्हर पोहोचला नाही तर पुढची अक्षरे वाहून जातात. ती परत मिळत नाहीत.

ड्रायव्हरची फेरी किती वेळाने होते हे तुमच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टायमरवर ठरते. लिनक्सवर हा ठोका कर्नल बनवतानाच ठरलेला असतो : सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा हे नेहमीचे आकडे, म्हणजे अनुक्रमे १०, ४ आणि १ मिलिसेकंद. पण टायमर नेहमी वेळेवर येईलच असे धरू नका. दुसरा एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला की आमची फेरी लांबते. म्हणून आमचा नियम असा आहे की दोन फेऱ्यांमधले अंतर बादली भरण्याच्या वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. एक फेरी चुकली तरी माहिती हरवता कामा नये.

या नियमाने बघितले तर १ मिलिसेकंदाच्या ठोक्यावर ५७६०० बॉडपर्यंत निर्धास्त राहा. ४ मिलिसेकंदांवर १९२०० पर्यंत, तेही काठावर. १० मिलिसेकंदांवर ४८०० पर्यंतच. ९६०० चालताना दिसेल, कारण १० हे १६.७ पेक्षा कमीच आहेत, पण एक फेरी हुकली की अक्षरे जातील. ११५२०० साठी नुसता ठोका पुरणार नाही. तिथे ड्रायव्हरमधला सूक्ष्म टायमर चालू करून अंतर अर्ध्या मिलिसेकंदावर आणावे लागते.

तुमच्याकडे ८२५० किंवा १६४५० ही जुनी चिप असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा. त्यांत फिफो नाही, एकाच अक्षराची जागा आहे. १ मिलिसेकंदाच्या ठोक्यावर ४८०० बॉड ही त्यांची सुरक्षित मर्यादा, आणि १० मिलिसेकंदांवर ३०० बॉड. अगदी सुरुवातीच्या १६५५० मध्ये, म्हणजे नावापुढे ए नसलेल्या चिपमध्ये, फिफो होता पण सदोष होता. तिलाही फिफो नसलेली चिप समजूनच वागवा. एफपीजीएमधल्या युआर्टचा फिफो किती खोल ठेवला आहे हे तुमच्या डिझाइनरलाच विचारा. तो बदलता येत असेल तर ६४ करून घ्या. इंटरप्टची लाइन नव्याने ओढण्यापेक्षा हे बरेचदा सोपे असते आणि वरच्या सगळ्या मर्यादा चौपट सैल होतात.

पाठवताना काय होते

पाठवण्याची बाजू इतकी नाजूक नाही. माहिती हरवत नाही, फक्त वेग पडतो. दर फेरीला ड्रायव्हर पाठवण्याच्या फिफोत १६ अक्षरे भरतो आणि पुढच्या फेरीपर्यंत काही करत नाही. १० मिलिसेकंदांच्या ठोक्यावर म्हणूनच सेकंदाला जास्तीत जास्त १६०० अक्षरे जातात, मग बॉड रेट कितीही ठेवा. एक लाख अक्षरांची फाइल ११५२०० बॉडला नऊ सेकंदांच्या आत जायला हवी, ती एका मिनिटाहून जास्त घेते. पोर्ट मंद झाला अशी तक्रार आली तर आम्ही आधी ठोका विचारतो, तो याचसाठी.

पहिली खेप मात्र टायमरची वाट बघत नाही. तुमच्या प्रोग्रामने लिहायला सांगितले आणि चिप रिकामी असेल, तर ड्रायव्हर लगेच भरतो. छोट्या आज्ञा पाठवून उत्तर घेणाऱ्या यंत्रांना याने चांगलाच फरक पडतो. उत्तर यायला जास्तीत जास्त एका फेरीचा उशीर होईल.

ड्रायव्हर आतून काय करतो

ज्यांच्याकडे सोर्स आहे आणि स्वतः बदल करायचे आहेत त्यांच्यासाठी हा भाग. बाकीच्यांनी पुढे गेलात तरी चालेल.

पोलिंग मोडमध्ये आम्ही चिपचे इंटरप्ट एनेबल रजिस्टर शून्य करतो आणि पीसी धर्तीच्या कार्डांवर आउट-२ हा बिटही खाली ठेवतो. पोलिंगच करायचे तर इंटरप्ट बंद कशाला करायचे, असे आम्हाला विचारले जाते. लाइन दुसऱ्या उपकरणाबरोबर वाटून घेतलेली असेल आणि आमची चिप तिच्यावर ओरडत राहिली, तर त्या हाकेला ओ देणारा कोणी नसतो. लिनक्स अशा हाका मोजतो, आणि १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाल्या की ती लाइनच बंद करून टाकतो. मग नेटवर्क कार्ड किंवा डिस्क अडकते, आणि सिरीयल पोर्टवर कोणाचा संशयही जात नाही.

लाइन स्टेटस रजिस्टर वाचले की त्यातले चुकांचे बिट पुसले जातात : ओव्हररन (जागा भरल्याने अक्षर हरवणे), पॅरिटी, फ्रेमिंग आणि ब्रेक हे चारही. आमच्या पहिल्या प्रयोगात हे रजिस्टर दोन ठिकाणी वाचले जात होते, एकदा अक्षर घेताना आणि एकदा पाठवायला जागा आहे का ते बघताना. दुसऱ्या वाचनात चूक दाखवणारा बिट पुसला जायचा आणि त्याची नोंद कुठेच होत नसे. अक्षरे हरवत होती आणि ओव्हररनचा आकडा शून्य दाखवत होता. त्याचा माग काढण्यात आमचे बरेच दिवस गेले. आता कोणत्याही कारणाने रजिस्टर वाचले तरी चुकांचे बिट बाजूला साठवले जातात आणि पुढचे अक्षर घेताना हिशोबात धरले जातात. तुम्ही स्वतः कुठे वाचन वाढवलेत तर हे साठवणे विसरू नका, ही कळकळीची विनंती.

अक्षरे घेण्याच्या लूपला आम्ही २५६ ची मर्यादा घातली आहे. कार्ड निघाले किंवा पत्ता चुकला तर वाचनात सगळे बिट १ येतात. त्यात 'अक्षर आले आहे' हा बिटही १ असतो, आणि मर्यादा नसेल तर लूप संपतच नाही.

पोर्ट बंद करताना आधी टायमर थांबवायचा, मग चिप. टायमर पूर्ण थांबेपर्यंत वाट बघताना टायमरला लागणारे लॉक हातात धरून ठेवू नका. तो लॉकसाठी थांबेल, तुम्ही त्याच्यासाठी थांबाल, आणि मशीन जागीच गोठेल.

फिफो चालू करायला विसरणे ही साधी चूकही होते. फिफोचा ट्रिगर १, ४, ८ की १४ हा प्रश्न मात्र पोलिंगमध्ये उरत नाही. एक अक्षर आले तरी स्टेटसमध्ये दिसते, ट्रिगर फक्त इंटरप्टसाठी असतो.

मॉडबस आणि आरएस-४८५ वाल्यांनी थांबून वाचावे

मॉडबस आरटीयू ही कारखान्यातल्या यंत्रांची संदेश पाठवण्याची पद्धत. तीत संदेश संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतात. तिथे एक अक्षर अकरा बिटांचे असते, त्यामुळे ९६०० बॉडला ही शांतता साधारण ४ मिलिसेकंदांची होते. १९२०० च्या वर ती १.७५ मिलिसेकंद धरायची असा संकेत आहे. ४ मिलिसेकंदांनी फेरी मारणाऱ्या ड्रायव्हरला ही शांतता ऐकूच येत नाही. एका फेरीत दहा अक्षरे हाती आली, तर त्यांच्यात मध्ये कुठे खंड पडला होता का हे चिप सांगत नाही. म्हणून तुमच्या प्रोग्रामने संदेशाचा शेवट लांबी आणि सीआरसीवरून (संदेशाच्या शेवटी येणाऱ्या तपासणीच्या आकड्यावरून) ठरवावा, वेळेवरून नको.

दुसरी अडचण तारेची दिशा बदलण्याची. दोन तारांच्या आरएस-४८५ वर (तिथे सगळी यंत्रे त्याच तारांवर आळीपाळीने बोलतात) बोलणे संपताच आपला ट्रान्समीटर तारेवरून सोडावा लागतो. 'पाठवण्याचा फिफो रिकामा' या बिटावर तो सोडला तर शेवटचे अक्षर कापले जाते, कारण ते अजून शिफ्ट रजिस्टरमधून (एकेक बिट तारेवर सोडणाऱ्या भागातून) बाहेर पडत असते. त्यापुढचा बिट, 'सगळे रिकामे', बघावा लागतो. आणि तो पुढच्या फेरीत बघितला तर एवढा उशीर होतो की समोरच्याचे उत्तर सुरू होऊन आपल्याच ट्रान्समीटरखाली दबते. यावर आमचा ड्रायव्हर शेवटची खेप भरतानाच, ती किती वेळात बाहेर पडेल हे मोजून एक वेगळा सूक्ष्म टायमर लावतो. ज्या प्रोसेसरवर सूक्ष्म टायमर नाही तिथे हा उपाय चालत नाही. तिथे दिशा आपोआप बदलणारा कन्व्हर्टर वापरा.

आरटीएस-सीटीएस (समोरच्याला 'थांब' किंवा 'पाठव' सांगणाऱ्या तारा) जोडलेले असेल तर उत्तम, पण ड्रायव्हर आरटीएस खाली करू शकतो तो फेरीच्या वेळीच. दोन फेऱ्यांच्या मधल्या पुरापासून ते तुम्हाला वाचवत नाही. १६७५० सारख्या चिप आरटीएस स्वतः हलवतात, आणि तिथे पोलिंगही निश्चिंतपणे चालते.

प्रोसेसरवर भार

लोक याची भीती जास्त घेतात, ती फारशी खरी नाही. जुन्या धर्तीच्या पोर्टवरचे एक वाचन साधारण एक मायक्रोसेकंद घेते. सेकंदाला हजार फेऱ्या मारल्या आणि काहीच आले नाही, तरी हजारात एक भाग वेळ गेला. बॅटरीवरच्या उपकरणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सेकंदाला हजार वेळा जागे व्हावे लागल्याने प्रोसेसर गाढ झोपूच शकत नाही. अशा उपकरणात पोलिंग वापरू नका. व्हर्च्युअल मशीनमध्येही टायमर एकदम उशिरा येऊ शकतो, तेव्हा तिथे बॉड रेट निम्मा धरा. यूएसबी-सिरीयल केबलला हे पत्रक लागू नाही. यूएसबीत मुळातच कॉम्प्युटर विचारतो आणि केबल उत्तर देते.

चालू करा आणि तपासा

पोर्टच्या सेटिंगमध्ये इंटरप्ट क्रमांक ० द्या. लिनक्सच्या सिरीयल ड्रायव्हरमध्ये ० म्हणजे 'इंटरप्ट नाही' हा जुना संकेत आहे, आम्ही तोच पाळला आहे. सेटसिरीयल (पोर्टची सेटिंग बदलण्याची लिनक्सची आज्ञा) वापरत असाल तर त्यातही हेच.

आता तपासणी. नऊ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ जोडून, स्वतःच पाठवून स्वतःच वाचण्याची चाचणी सगळे करतात. तारा आणि चिप ठीक आहेत एवढेच ती सांगते. अक्षरे हरवतात का, याबद्दल ती काहीच सांगत नाही. कारण पाठवणाराही त्याच टायमरला बांधलेला असतो. एका फेरीला १६ अक्षरे जातात, तेवढीच परत येतात, आणि १६ जागांची बादली कधी ओसंडत नाही. ११५२०० बॉडला आणि १० मिलिसेकंदांच्या ठोक्यावरही ही चाचणी बिनचूक पार पडते. खऱ्या यंत्राला जोडले की पहिल्याच मिनिटाला घोटाळा होतो. आम्ही स्वतः यात फसलो आहोत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

पाठवणारा दुसरा कॉम्प्युटर घ्या, ज्याचा पोर्ट इंटरप्टवर चालतो. त्याच्याकडून क्रमांक घातलेल्या ओळी न थांबता पाठवत राहा, निदान तासभर. त्याच वेळी आपल्या मशीनवर डिस्क आणि नेटवर्क दोन्ही राबवा, कारण फेरी लांबते ती अशाच वेळी. मग अ‍ॅडमिन अधिकाराने प्रॉक फोल्डरमधल्या टीटीवाय, ड्रायव्हर या वाटेने सिरीयल नावाची फाइल उघडा. तुमच्या पोर्टच्या ओळीत 'ओई' हा शब्द दिसला तर पुढचा आकडा ओव्हररनचा. तो शब्द नसेल तर एकही ओव्हररन नोंदलेला नाही, कारण शून्य असताना तो छापलाच जात नाही. क्रमांकही ओळीने आले आहेत का ते बघा.

ओई दिसला तर बॉड रेट एक पायरी खाली आणून चाचणी पुन्हा करा. तरीही दिसत राहिला तर आम्हाला कळवा, आणि सोबत चिपचे नाव, बॉड रेट, कर्नलचा ठोका आणि त्या फाइलमधली पूर्ण ओळ पाठवा.