मेणाच्या वडीतला तपकिरी रंग

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णाच्या फायलींच्या पिशवीत अनेकदा मेणाची एक छोटी चौकोनी वडीही असते. प्रयोगशाळेत तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा तिच्यात बसवलेला असतो. घशाच्या कर्करोगाचा स्वभाव सांगणारे रेणू, म्हणजेच जैवचिन्हके, या वडीच्या काही मायक्रॉन जाडीच्या कापांत शोधली जातात.

गाठ टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असेल, तर आधी पी१६ या प्रथिनाची तपासणी होते. कापावर रंगद्रव्याची प्रक्रिया केल्यावर किमान ७० टक्के पेशी गडद तपकिरी दिसल्या, तर अहवाल पॉझिटिव्ह येतो. त्यामागे बहुधा एचपीव्ही, म्हणजे कर्करोग घडवू शकणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. या विषाणूचे ई७ प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालणारे आरबी प्रथिन निकामी करते. आरबीचा धाक सुटताच पेशी पी१६ भरमसाट बनवते; पण पी१६ला काम करायला आरबीच लागत असल्याने हा ब्रेक नुसताच दाबला जातो, गाडी थांबत नाही.

तरीही एचपीव्हीमुळे होणारा हा आजार उपचारांना चांगली दाद देतो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८२.४ टक्के, तर निगेटिव्हपैकी ५७.१ टक्के हयात होते. मग उपचार सौम्य का करू नयेत? सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य ठरेल असे वाटलेले औषध देऊन तेही पाहिले गेले, पण जगण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे पी१६ तूर्त भवितव्य सांगते, औषध ठरवत नाही. शिवाय आपल्याकडे तंबाखूमुळे होणारे कर्करोग अधिक असल्याने पाश्चात्त्य आकडे मुंबईच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत.

औषध ठरवताना उपयोगी पडते ते पीडी-एल१, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना रोखणारे प्रथिन. गाठीतल्या आणि तिच्यातील रोगप्रतिकारक पेशींवरच्या या प्रथिनावरून गुणांक काढतात. आजार उलटला किंवा पसरला असेल आणि गुणांक किमान १ असेल, तर ही रोख उठवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एकटेही देता येते. अडते ते किमतीपाशी. म्हणूनच २०२३मध्ये प्रसिद्ध झालेली टाटा रुग्णालयाची चाचणी मला मोलाची वाटते: कर्करोगावरच्या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे त्याच गटातले औषध फक्त २० मिलिग्रॅम दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते.

आजार उलटल्यावर पीडी-एल१ची तपासणी बहुधा जुन्या ब्लॉकवरही करता येते. त्यामुळे गावच्या प्रयोगशाळेतून अहवालासोबत तो मागून घ्यावा आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते.