आजाराचं कारण सांगून पहिलीचा प्रवेश नाकारला तर पुण्यात दाद कुठे मागायची?

“आमच्याकडे नर्स नाही. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही दुसरी शाळा बघा ना.” माझ्या मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी हे मला अगदी गोड शब्दांत सांगण्यात आलं. तिला टाइप १ मधुमेह आहे. मी उठून घरी आले, दोन दिवस रडले, आणि मग लक्षात आलं की माझ्या हातात नकाराचा एक चिटोराही नाही. शाळा उद्या म्हणू शकते, “आम्ही कुठे नाही म्हणालो?”

म्हणून सगळ्यात आधी हे करा. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारखेसह पोच घ्या. शाळेने तोंडी नकार दिला तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना पत्र लिहा: “आज आपण मला सांगितलंत की अमुक आजारामुळे माझ्या पाल्याला प्रवेश देता येणार नाही. माझी समज चुकीची असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.” ऑफिसात पत्र घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही तरी हे पत्र पुढे प्रत्येक टेबलावर तुमच्या बाजूने बोलतं.

आता प्रश्न पात्रतेचा. मुलाचा आजार कायद्याने दिव्यांगत्वात बसतो का, यावर पुढची वाट ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेले आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंची झीज, स्वमग्नता हे त्यात आहेत, आणि थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असलेल्या मुलांच्या कितीतरी आईवडिलांना हे माहीतच नसतं. मधुमेह आणि दमा त्या यादीत नाहीत.

यादीतला आजार असेल तर प्रमाणपत्र आधी काढा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जोडून. तपासणीसाठी पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर दोन दारं उघडतात. पहिलं, खासगी विनाअनुदानित शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागा. तिथे दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वार्षिक उत्पन्नाची एक लाखाची अट आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे. एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलंही वंचित गटातच येतात. फॉर्म भरताना प्रवर्ग नीट निवडा. दुसरं दार २०१६ च्या कायद्याचं कलम ३१: सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १६ तर शासनमान्य खासगी शाळांनाही लागू होतं: भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय.

आरटीईच्या सोडतीत लांबची किंवा जिने असलेली शाळा लागली तर रागाने प्रवेश सोडू नका. निवड होऊनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत विचार होत नाही. आधी पडताळणी समितीकडे लेखी म्हणणं द्या, पोच घ्या, आणि मुदतीच्या आत निर्णय घ्या.

यादीत न बसणाऱ्या आजारासाठी एवढं थेट कलम नाही, हे मी लपवणार नाही. तरी हात अगदी रिकामे नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावता येत नाही; दंड पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. माझ्या मते निरोगी मुलं निवडून घेणं ही चाळणीच आहे, आणि तक्रारीत मी तसंच लिहिलं. महापालिकेची शाळा तर सहा ते चौदा वयाच्या मुलाला नाही म्हणूच शकत नाही. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन आणि मधला खाऊ घेऊ द्यावा, असं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलं होतं. त्या पत्राची प्रत जोडा.

पण माझं प्रकरण खरं हललं ते डॉक्टरांच्या पत्रामुळे. पहिल्या पत्रात फक्त आजाराचं नाव आणि “विशेष काळजी आवश्यक” एवढंच होतं. हे तीन शब्द शाळेला घाबरवतात. दुसऱ्यांदा मी डॉक्टरांना विनंती करून नेमकं लिहून घेतलं: डब्याआधी बोट टोचून साखर तपासायची, दोन मिनिटं लागतात. ७० च्या खाली आली तर ग्लुकोज द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर लगेच तपासायचं, मुलीला एकटं सोडायचं नाही. शाळेत पूर्णवेळ नर्सची गरज नाही. ते शेवटचं वाक्य डॉक्टर लिहू शकत असतील तर जरूर लिहून घ्या, कारण शाळेचा मुख्य आक्षेप तिथेच मिटतो. दम्यासाठी इन्हेलर कुठे ठेवायचा, किती पफ, धुळीत खेळू द्यायचं का. फिट्ससाठी किती मिनिटांनंतर दवाखान्यात हलवायचं. मुलाच्या शाळेतल्या दिवसात काय करायचं, हे पत्र वाचून कळलं पाहिजे.

तक्रार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. पुणे शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाचे शिक्षणाधिकारी, पिंपरी-चिंचवडला तिथली महापालिका, ग्रामीण भागात जिल्हा परिषद. उपनगरात राहत असाल तर हद्द तपासून घ्या: २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि जुन्या कागदांवर अजून ग्रामपंचायतीचे पत्ते आहेत. सोबत जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, डॉक्टरांचं पत्र, असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र, आणि शाळेशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम १४ तसं स्पष्ट सांगतं. तक्रारीत शाळेला शिव्या नकोत, काय हवं ते एका ओळीत लिहा: “इयत्ता पहिलीत प्रवेश आणि सोबतच्या पत्राप्रमाणे सोय.” आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका, पुढच्या प्रत्येक फेरीत तोच विचारतात.

सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील मुंबईच्या महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते आणि ते कार्यालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे, ही आपल्यासाठी मोठी सोय.

या तीन महिन्यांत मूल घरी बसवू नका. जवळच्या महापालिका शाळेत नाव घाला, त्याने तक्रार मागे पडत नाही. आणि निकाल ऑगस्टमध्ये लागला तरी “आता वर्ष सुरू झालं” हे उत्तर चालत नाही. मुदत संपली म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम १५ म्हणतं. माझी मुलगी गणपतीच्या सुट्टीनंतर वर्गात बसली.