बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आणि शेपटी टाकलेला उंदीर

सांगली-मिरजेकडच्या पन्नाशीतल्या कुणालाही विचारा, लहानपणी कुत्रं चावलं की काय व्हायचं? उत्तर ठरलेलं: बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. ती किती दुखायची हे सगळे सांगतात. त्यांत काय असायचं हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी हिमाचलातल्या कसौलीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली ही पद्धत आपल्याकडे २००४ पर्यंत चालली. तिनं असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याचे लस घेतल्यावर काही दिवसांनी पाय लुळे पडत. रेबीज म्हणावा, तर तोही नसे.

मग काय असे? लशीतून परक्या जनावराच्या मेंदूचा अंश अंगात गेला, त्याच्याशी लढायला शरीरानं फौज उभी केली आणि ती फौज आपल्याच मेंदूवर उलटली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ साली हे माकडांवर करून पाहिलं. सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला, तेव्हा काही माकडं लटपटू लागली. त्यांच्या मेंदूत सूज होती आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी नाहीसं झालं होतं.

हे सगळं आठवायचं कारण हळद. मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणारे माझे एक परिचित आहेत. त्यांच्या तिशीतल्या भाचीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असल्याचं मिरजेला एमआरआय केल्यावर कळलं. मामा परवा मोबाइल पुढे करून म्हणाले, "सर, हळदीनं एमएसचे उंदीर बरे झाले म्हणे. आपल्या घरचाच माल आहे. देऊ का पोरीला?"

एमएसमध्येही हल्ला मायलिनवरच होतो. मायलिन शाबूत असलं की संदेश तंतूवरून उड्या मारत जातो. ते गेलं की रांगतो, कधी वाटेतच थांबतो. मग एका डोळ्याला धूसर दिसतं, पाय बधिर होतात, तोल जातो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दुपटीहून जास्त.

आता मोबाइलवरच्या मजकुरातली मेख. उंदराला एमएस होतच नाही, तसा आजार रिव्हर्स यांच्या माकडांसारखा घडवावा लागतो. मायलिनमधल्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा घ्यायचा, तो तेलात आणि क्षयाच्या मेलेल्या जंतूंत घोटून कातडीखाली टोचायचा, शिवाय डांग्या खोकल्याच्या जंतूचं थोडं विष द्यायचं. दहा-बारा दिवसांत उंदराची शेपटी लोंबू लागते. त्याला एक गुण. मागचे पाय अशक्त झाले की दोन, पुरते लुळे पडले की तीन, पुढच्या पायांपर्यंत पोचलं की चार आणि मरणपंथाला लागला की पाच. नव्या औषधाचं सगळं भवितव्य या गुणपत्रिकेवर. म्हणून गुण देणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध दिलंय ते कळू द्यायचं नसतं; नाहीतर आशा लावून बसलेल्या माणसाला लोंबती शेपटीही ताठ दिसते.

थोडक्यात, उंदराच्या या आजारात आरोपी कोण ते आपणच आधी ठरवलेलं असतं. माणसात मात्र तो नेमका कशानं सुरू होतो, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. मायलिन भरून कसं येतं हे पाहायचं असेल, तर वेगळाच उंदीर लागतो. त्याच्या खाण्यात क्युप्रिझोन हे रसायन मिसळतात. पाच-सहा आठवड्यांत मायलिन झडतं आणि रसायन थांबवलं की आपोआप परत येऊ लागतं. म्हणजे नेमका कोणता उंदीर, हे विचारल्याशिवाय बातमीला अर्थ नाही.

तरीही या उंदरांना मी नावं ठेवणार नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आरनॉन आणि सहकाऱ्यांनी मायलिनसारखं कृत्रिम रसायन बनवलं ते आजार घडवण्यासाठी. जनावरांत ते आजार अडवू लागलं! संशोधन १९७१ साली छापून आलं. ग्लाटिरामर या नावानं अमेरिकेत एमएसवरचं औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९६ साली. मधली पंचवीस वर्षं लक्षात ठेवा. नॅटालिझुमॅब या एमएसच्या दुसऱ्या औषधाचा रस्ताही याच प्राण्यांतून गेला. रक्तातल्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं हे औषध २००४ मध्ये बाजारात आलं आणि काही महिन्यांतच काढून घ्यावं लागलं. काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित असणारा जेसी विषाणू बळावला होता. हा विषाणू माणसाचा. प्रयोगातले उंदीर त्याची सूचना देणार कुठून? पुढे कडक देखरेखीच्या अटींवर २००६ मध्ये औषध परत आलं. गॅमा इंटरफेरॉन या शरीरातल्याच संरक्षक पेशी बनवतात त्या प्रथिनाची गोष्ट तर याहून उलटी: माणसांना दिलं तेव्हा एमएस बळावला, आणि उंदरांत तेच संरक्षक ठरताना दिसलं.

राहिली हळद. हळदीतल्या कुर्क्युमिननं उंदरांचा हा आजार सौम्य होतो, असं २००२ पासून छापून येतंय, ते खोटं नाही. पण अशा प्रयोगांत बऱ्याचदा औषध आजार घडवायला घेतात त्याच दिवसापासून सुरू होतं. मामांच्या भाचीचा आजार तर आधीच सुरू झालाय. त्यातून हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन शेकडा तीनेक भाग, आणि तोंडावाटे घेतलेलं फारच थोडं रक्तात पोचतं. भाजीत, दुधात हळद खुशाल घाला, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांचं औषध एक दिवसही बंद करू नका, असं मी मामांना दोनदा बजावलं.

ते ऐकून घेत होते, पण व्यापाऱ्याचा प्रश्न राहिलाच होता. "उंदरांना हळद कुठली दिली? राजापुरी?"

"हळद नव्हे. शुद्ध कुर्क्युमिन द्रावणात विरघळवून. सुईनं, पोटात."

"पोटात?" मामांचा हात नकळत बेंबीकडे गेला. "माझी झालीत चौदा."