अश्वशक्ती वाढली, परवाना तोच : कोकणातील नवख्या चालकांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबई-गोवा महामार्गावर भरधाव गाडी उलटली आणि ती चालवणारा विशीच्या आतबाहेरचा निघाला, की त्याच्या वयाला आणि पालकांच्या लाडाला दोष देऊन चर्चा आटोपते. दोष खोटा नाही. पण गेल्या चार दशकांत गाडी आणि रस्ता दोन्ही पार पालटले आणि परवाना जवळपास होता तसाच राहिला, ही बाजू त्यात राहून जाते.

1983 च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या मारुती 800 चे 796 सीसीचे इंजिन चाळिसाच्या आतच अश्वशक्ती देई. त्याआधीच्या प्रीमियर पद्मिनीची ताकदही त्याच घरातली होती. अशी गाडी चार माणसे आणि गणपतीचे सामान घेऊन कशेडी घाट चढू लागली की गिअर खाली आणावा लागे, आणि पुढच्या एसटीला ओव्हरटेक करायचे तर समोरचा सरळ पट्टा पुरेल का, याचा अंदाज आधीच बांधावा लागे. बहुतेक जण मुकाट एसटीच्या मागेच राहत. नवख्याला आवरण्याचे काम एका अर्थाने इंजिनच करी आणि रस्ता त्याला साथ देई, कारण गावच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळमाळावर, हात साफ करून आलेल्या पोराला वेग वाढवावा असे सलग अंतर त्या दुपदरी, वळणावळणाच्या रस्त्यावर फारसे मिळतच नसे.

2002 साली आलेल्या स्कॉर्पिओने शंभरी ओलांडली. 2020 च्या थारचे पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्तीचे आहे आणि आजच्या काही देशी एसयूव्ही 200 च्या घरात आहेत. यातला खरा धोका आकड्यापेक्षा ताकद हाती येण्याच्या पद्धतीत आहे. टर्बो इंजिनात अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काही घडत नाही, नवखा पाय आणखी दाबतो आणि मग जोर एकदम येतो; नेमके तेव्हाच वळण समोर असेल तर उंच, जड गाडी सावरणे अवघड जाते. शिवाय उंच आसनावर, बंद काचांच्या आत वेग जाणवतही नाही. ताशी 60 वरून 80 वर गेल्यास ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, हे गणित पायाला कळत नाही.

रस्त्याचे रुंदीकरण पळस्पे-इंदापूर टप्प्यापासून 2011 च्या सुमारास सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्यामुळे गुळगुळीत चौपदरी काँक्रीट, मध्येच वळवलेला अरुंद रस्ता आणि पावसात त्यावर वाहून आलेला लाल मातीचा राडा, हे सारे एकाच प्रवासात भेटते. किनाऱ्यालगतच्या गावांत तर दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतींमधून, जेमतेम एक गाडी जाते.

1988 चा मोटार वाहन कायदा चारचाकीसाठी किमान वय 18 ठरवतो आणि हलके वाहन वजनावरून, म्हणजे 7,500 किलोंच्या मर्यादेने, ओळखतो. अश्वशक्तीचा त्यात संबंधच नाही. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी कडक तरतूद केली. पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोघे ठार झाल्यावर ती घरोघर माहीत झाली. मात्र अठरा पूर्ण झालेल्या नवख्याला ती लागू होत नाही.

अन्यत्र याच वयोगटाचा विचार आधी झाला. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारा परवाना आणला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये नवख्यांना टनामागे 130 किलोवॅटहून अधिक ताकदीची गाडी चालवता येत नाही. इटलीत डिसेंबर 2024 पासून पहिली तीन वर्षे टनामागे 75 आणि एकूण 105 किलोवॅट अशी दुहेरी मर्यादा आहे. 150 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 112 किलोवॅट. तेव्हा पेट्रोल थारएवढ्या ताकदीची गाडी तिथला नवखा एकट्याने चालवू शकत नाही. आपल्याकडे कालच पक्का परवाना मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा तीच गाडी घेऊन, घरची माणसे बसवून, रात्रीच्या पावसात गणपतीला गावी निघाला तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नाही.