समितीवर नाव म्हणजे समावेशन नव्हे

बैठकांच्या इतिवृत्तांत, नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालांत आणि भरतीच्या जाहिरातींत ‘विविधता आणि समावेशन’ हे शब्द इतक्या वेळा जोडीने येतात, की ती एकाच गोष्टीची दोन नावे असावीत असा बहुतेकांचा समज झाला आहे. मुंबईतील एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवताना गेल्या वीस वर्षांत मी हा समज असंख्य फायलींत पाहिला आहे आणि त्याने माणसांचे प्रत्यक्ष नुकसान होतानाही पाहिले आहे. विविधता म्हणजे संशोधन करणाऱ्या प्राध्यापकवर्गात कोण कोण आहे. समावेशन म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला संशोधनाची साधने, वेळ आणि निर्णयातला शब्द किती येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आस्थापना विभाग एका तक्त्यात देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही, आणि तरीही तोच तक्ता दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून पुढे केला जातो.

पहिली बाजू वाचकांना परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. बिंदुनामावली, म्हणजे कितवे पद कोणत्या प्रवर्गाला याची क्रमवार यादी, तयार होते, मावककडून (मागासवर्ग कक्षाकडून) तपासून घेतली जाते, जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि पुष्कळदा ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून राखीव जागा तशीच रिकामी ठेवली जाते. आरक्षण मोजताना एकक कोणते धरायचे, विभाग की संपूर्ण संस्था, यावर मोठा वाद झाला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये विभाग हे एकक ठरवले आणि लहान विभागांतील राखीव जागा जवळजवळ नाहीशा होण्याची वेळ आली, कारण तेरा बिंदूंच्या नामावलीत पहिली राखीव जागा चौथ्या क्रमांकावर येते आणि तीनच पदे असलेल्या विभागात ती पहिल्या भरतीत येतच नाही. संसदेने २०१९ मध्ये कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हे एकक पुन्हा प्रस्थापित केले. त्याच कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना सूट आहे, आणि मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावे की कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था व अणुशक्तिनगरची होमी भाभा राष्ट्रीय संस्था त्या यादीत आहेत, पवईची आयआयटी मात्र नाही. ही लढाई महत्त्वाची होती आणि आजही आहे. पण ती दारापर्यंतची लढाई आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यावर माझा कटाक्ष आहे. आरक्षणाला ‘विविधता उपक्रम’ म्हणू नये. आरक्षण हा संविधानाने मान्य केलेला प्रतिनिधित्वाचा मार्ग आहे आणि त्यामागे शतकानुशतकांच्या वंचनेचे कारण आहे. परिसर बहुरंगी दिसावा म्हणून ते दिलेले नाही. ज्याला ते हक्काने मिळते, त्याला ‘आमच्या विभागाची विविधता’ म्हणून पाहुण्यांपुढे उभे करणे हा त्या व्यक्तीचा अवमान आहे. उलट, ‘समावेशन’ म्हणावे की ‘समावेशकता’, असल्या शब्दांच्या वादात मला रस नाही. कोणताही शब्द वापरावा, अर्थ सांभाळावा.

अर्थ सांभाळण्यासाठी मुंबईचेच एक उदाहरण पुरेसे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना त्यांची व्याख्याने आवडत होती. पण प्राध्यापकांच्या खोलीतील पिण्याच्या पाण्याचे भांडे त्यांनी वापरण्याला सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नेमणूक पूर्ण झाली होती, कागदावर कोणतीही उणीव नव्हती, आणि पाण्याच्या भांड्यापाशी समावेशन संपलेले होते. आज ते भांडे जागेवर राहिलेले नाही, त्यामुळे रेषा कुठे आखली जाते हे शोधावे लागते. संशोधन करणाऱ्या विभागात ती बहुधा तीन ठिकाणी सापडते: पीएच.डी.चे विद्यार्थी कोणाकडे जातात, शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने लागतात, आणि समित्यांवर कोणाला घेतले जाते.

यातील तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे, कारण तिथे वगळणे हे सामावून घेण्यासारखे दिसते. माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेची गोष्ट सांगते. त्या अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर सहायक प्राध्यापक म्हणून आल्या. काम जटिल संयुगांवरचे, प्रबंध उत्तम. सहा वर्षांत त्यांच्या नावापुढे नऊ समित्या लागल्या होत्या. अंतर्गत तक्रार समितीवर निम्म्या तरी महिला असाव्या लागतात, म्हणून त्या तिथे. उमेदवारांत राखीव प्रवर्गातील कोणी असेल तर निवड समितीवर त्या प्रवर्गातील तज्ज्ञ लागतो, म्हणून त्या मुंबईबाहेरच्या महाविद्यालयांतील मुलाखतींना. शिवाय समान संधी कक्ष, रॅगिंग प्रतिबंध, वसतिगृह आणि नॅकच्या एका निकषाची अख्खी फाइल. या यादीकडे बोट दाखवून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बैठकीत मनापासून सांगितले की विभागात या प्राध्यापिकेइतका समावेश दुसऱ्या कोणाचा झालेला नाही. त्याच बैठकीच्या आदल्या दिवशी मी या प्राध्यापिकेच्या टेबलावर रासायनिक तुला (बारीक वजने करण्याचा तराजू) पाहिली होती; तिच्यावर नॅकच्या फाइलींचा गठ्ठा ठेवलेला होता, कारण तुला ठेवायला प्रयोगशाळेत जागा मिळालेली नव्हती.

त्या समित्यांवर त्यांचे असणे आवश्यक होते, हे मला मान्य आहे. तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीला समोर आपले ऐकणारे कोणी दिसावे, हे मोलाचे आहे. परंतु ते विविधतेचे काम आहे: संस्थेला त्यांच्या तिथे असण्याची गरज होती आणि ती गरज त्यांनी भागवली. समावेशनाचा प्रश्न उलट दिशेने विचारायचा असतो, की त्या बदल्यात संस्थेने त्यांना काय दिले. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. नऊ समित्यांमुळे त्यातला एकही तास कमी झाला नाही. कमी झाले ते प्रयोगशाळेतले तास.

आणि बढतीच्या वेळी काय मोजले जाते, ते पाहावे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वार्षिक मूल्यमापनात ठरावीक यादीतील तीन कामे केली की त्या रकान्यात ‘चांगले’ हा शेरा मिळतो. चौथ्या कामाला वेगळे काही मिळत नाही, नवव्यालाही नाही. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र विद्यापीठीय शिक्षकाला किमान सात शोधनिबंध आणि ७० संशोधनगुण दाखवावे लागतात. विज्ञानातील एका शोधनिबंधाला मूळ ८ गुण; तीन किंवा अधिक लेखक असतील तर प्रमुख लेखकाला त्यातील ७० टक्के, म्हणजे ५.६, आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे २.४. प्रभावांकाचे (नियतकालिकातील लेख किती उद्धृत होतात याच्या मापाचे) जादा गुण बाजूला ठेवले आणि केवळ शोधनिबंधांवर हिशेब केला, तर प्रमुख लेखकाला ७० गाठायला तेरा निबंध पुरतात आणि मधल्या नावाच्या लेखकाला तीस लागतात. लेखकांच्या यादीत ‘आम्ही त्यांनाही घेतले’ असे जेव्हा मोठ्या मनाने सांगितले जाते, तेव्हा कोणत्या क्रमांकावर घेतले, हे विचारलेच पाहिजे. घेण्यात विविधता आहे, समावेशन क्रमांकात आहे.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचेही असेच. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. मुलाखतीच्या आधीच चहाच्या वेळी ‘हा मुलगा माझ्याकडे येतो आहे’ असे ठरलेले असते आणि बैठकीत त्यावर केवळ सही होते. ही ठरवाठरव बहुधा संध्याकाळी सहानंतर होते. विद्यापीठाजवळचे भाडे न परवडणारी, दादरहून बदलापूरची लोकल पकडून घरी लहान मुलाकडे पोहोचायचे असलेली व्यक्ती त्या वेळी स्टेशनवर असते. तिला कोणी बाहेर काढलेले नसते. निर्णय तिच्या गैरहजेरीच्या वेळी होतो, एवढेच. म्हणून निर्णयाच्या बैठका दुपारी घ्याव्यात आणि विषयपत्रिका दोन दिवस आधी द्यावी, यावर मी गेली काही वर्षे हटून बसले आहे.

दिव्यांग सहकाऱ्यांबाबत फरक सर्वांना सहज कळतो. २०१६ च्या कायद्यातील चार टक्के आरक्षणाने नेमणूक होते. जुन्या दगडी इमारतीत प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बंद असेल, तर त्या नेमणुकीचा उपयोग किती, हे समजावून सांगावे लागत नाही. जिना डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथे घोळ होत नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा प्रश्न याहून कठोर आहे. विविधतेचे आकडे सांगताना काही संस्था त्यांनाही धरतात. पण आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.चे मार्गदर्शक कायम प्राध्यापकच होऊ शकतात, त्यामुळे हे शिक्षक संशोधनाच्या दाराबाहेरच राहतात. त्यांना आकड्यात धरणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

या जूनमध्ये वेळापत्रक लावण्याआधी आम्ही विभागातील प्रत्येकाच्या समित्यांची यादी एका कागदावर लिहून काढली. माझ्या त्या सहकारी प्राध्यापिकेच्या नावापुढे नऊ होत्या. तिघा ज्येष्ठांच्या, माझ्यासह, मिळून चार. कागद टेबलावर ठेवल्यावर फार वाद झाला नाही. अंतर्गत तक्रार समिती त्यांनी स्वतःहून ठेवली, निवड समित्या वर्षाला दोनच घ्यायच्या असे ठरवले, नॅकची फाइल माझ्याकडे आली आणि वसतिगृहाची समिती दुसऱ्या एका ज्येष्ठांकडे गेली. त्यांच्या वेळापत्रकात गुरुवारी तास ठेवलेला नाही. एक विद्यार्थिनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली नोंदली गेली आहे. फ्यूम हूड (घातक वायू बाहेर ओढून घेणारे प्रयोगशाळेतील कपाट) अजून सामायिक आहे आणि तो त्यांना आठवड्यातून दोनच दिवस मिळतो. त्याचा विषय ऑगस्टच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घेतला आहे.